पित्त म्हणजे नेमकं काय

सर्जेराव शेडगे माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले आणि पाच मिनिटांत माझ्या यंत्राने त्यांना गरोदर ठरवलं.

चूक तशी कोणाचीच नव्हती. यंत्राने विचारलं, परदेशी जाण्याचं कारण काय. सर्जेराव म्हणाले, बाळंतपण. यंत्राने विचारलं, तारीख कधीची आहे. त्यांनी डॉक्टरांनी दिलेली तारीख सांगितली. मग यंत्राने अत्यंत आदराने कळवलं की गर्भारपण आणि प्रसूती यांचा खर्च या प्रवास विम्यात बसत नाही, आणि दिवस इतके भरलेले असताना विमानात बसायचं तर डॉक्टरांचं पत्र लागेल. सहासष्ट वर्षांच्या त्या माणसाने पांढऱ्या मिशीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, मी नाय. माझी लेक," ते म्हणाले.

मी सुनंदा ओतारी. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ पहिल्या मजल्यावर माझं ऑफिस आहे आणि सत्तावीस वर्षं मी परदेशी जाणाऱ्यांचे विमे विकते. त्यातली पहिली वीस वर्षं मी "इथे सही, इथे सही आणि इथे" एवढंच बोलत होते. चौतीस पानांचा कागद असायचा, तोही इंग्रजीत, आणि खरं सांगायचं तर मीही तो कधी पूर्ण वाचला नव्हता. लोक निमूटपणे सह्या करायचे आणि काही झालंच तर तिकडच्या इस्पितळात उभे राहून मला फोन करायचे, की मॅडम, हे बसतं का हो आपल्या विम्यात? बसत नाही, असं म्हणायची माझी हिंमत व्हायची नाही. कंपनीला विचारून सांगते, असं म्हणून मी फोन ठेवायचे. त्यातले काही फोन अजून कानात आहेत.

मग कायदा बदलला. समजल्याशिवाय सही नाही, असा नवा नियम आला. विम्यात काय बसतं आणि काय बसत नाही हे गिऱ्हाइकाने स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या शब्दांत उलट सांगायचं, आणि ते बोलणं कराराचाच भाग धरायचं. पुढे भांडण झालं तर गिऱ्हाइकाला जे समजलं होतं तेच खरं. कंपन्यांचं धाबं दणाणलं, कारण कोणाला काय समजेल याचा नेम नाही. त्या गडबडीत अर्थजुळणी यंत्र आलं.

दिसायला ते पोळ्यांच्या डब्याएवढं आहे, खरं डोकं दूर कुठल्या तरी संगणकांत. जुनी भाषांतराची यंत्रं शब्दाला शब्द द्यायची, हे तसं करत नाही. राज्यभरातल्या दवाखान्यांतून, लोकांची परवानगी घेऊन, काही लाख रुग्णांचं बोलणं आधी साठवलं गेलं. माणूस डॉक्टरांसमोर बसून पहिल्यांदा काय म्हणाला आणि पुढे तपासण्यांत काय निघालं, अशा जोड्या. कसंतरी होतंय, कणकण आहे, जीव घाबरा होतो. या शब्दांना शब्दकोशात अर्थ होता, पण ते शरीरात नेमके कुठे राहतात हे कोणी मोजलं नव्हतं. यंत्राने ते मोजलं. त्याच्याकडे बोलण्याचा एक नकाशाच आहे म्हणा. ज्यांतून सारखंच दुखणं निघालं ती बोलणी एका गावात, वेगळं निघालं ती लांबच्या गावात. एकच शब्द चार माणसांच्या तोंडून चार वेगळ्या गावांतून येऊ शकतो. आपला माणूस कोणत्या गावचा, हे कळेपर्यंत यंत्र प्रश्न विचारत राहतं. तो कुठे अडखळला, वाक्याच्या मध्येच श्वास घेतला का, हेही ते ऐकतं.

दोन गोष्टींची मात्र त्याला मनाई आहे. एक, निदान करायचं नाही. तुमच्या शब्दाचा कंपनी काय अर्थ धरेल, एवढंच सांगायचं. आणि दुसरं, वय, लिंग, आडनाव बघून अंदाज बांधायचे नाहीत. म्हणून सर्जेरावांना दिवस गेले.

ते प्रकरण निस्तरल्यावर सर्जेरावांनी आपली हकिकत सांगितली. वीज मंडळात पस्तीस वर्षं वायरमन. खांबावर चढून आयुष्य गेलं. मुलगी केतकी नॉर्वेत बर्गनला असते आणि समुद्राच्या तळाशी विजेच्या केबली टाकणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. बाप वर चढला आणि लेक खाली उतरली, असं ते स्वतःच म्हणाले आणि खूश झाले. बायको, शालनताई, तीन वर्षांपूर्वी वारल्या. पहिलं बाळंतपण आईकडचं असतं आणि आई नाही, तर मग बापाने करायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. शेजारच्या काकूंकडून डिंकाचे लाडू शिकले, अळिवाची खीर शिकले. बाळाला पायांवर पालथं घालून अंघोळ कशी घालतात ते शिकण्यासाठी रोज संध्याकाळी पाय पसरून उशीला तेल लावत होते. उशीचे तीन अभ्रे वाया गेले. विमान बारा दिवसांवर होतं.

मी त्यांना विमा समजावला. तिकडे अचानक आजारी पडलात, अपघात झाला, तर इस्पितळाचा खर्च कंपनी देणार. बॅग हरवली, विमान चुकलं, तर त्याचंही ठरलेलं आहे. पण जो आजार निघण्याआधीपासून होता आणि तुम्ही सांगितला नाही, तो उपटला तर काही मिळणार नाही. सर्जेरावांनी मान डोलावली आणि यंत्राकडे तोंड करून आपल्या शब्दांत सांगितलं, की चांगल्या लायनीवर अचानक फॉल्ट आला तर कंपनी येणार, पण वायर आधीच जळकी होती आणि आपण ती झाकून ठेवली, तर आपण अंधारात बसायचं. अर्थ जुळला, असं यंत्राने जाहीर केलं. सत्तावीस वर्षांत इतकं नेमकं मलाही सांगता आलं नव्हतं.

मग शेवटचा प्रश्न आला. आधीपासूनचा काही त्रास?

"तसा काय नाय. पित्त हाय जरा."

मी हसले. माझ्याही खणात आवळासुपारीची डबी असते, जेवणानंतर दोन आणि कंपनीचा फोन आल्यावर चार. पित्त कोणाला नाही?

यंत्र म्हणालं, "पित्त म्हणजे नेमकं काय, ते तुमच्या शब्दांत सांगा."

सर्जेरावांना वाटलं, हे यंत्र परगावचं असावं. पित्त म्हणजे पित्त, ते म्हणाले. यंत्र चिकाटीने विचारत गेलं. डोकं दुखतं का, ते पित्त? नाही. अंगावर गांधी उठतात, ते? नाही. कडू पाणी उलटून पडतं, ते? नाही. राग येतो, ते खवळणारं? तेवढ्यात मीच मध्ये पडले, नाहीतर खरंच खवळलं असतं. शेवटी सर्जेराव म्हणाले, की रोज सकाळी मी अजिंक्यताऱ्यावर फिरायला जातो, उपाशीपोटी चहा घेऊन, आणि त्या चहाचं पित्त होतं. छातीत जरा जड वाटतं. थांबलं की जातं. घरी येऊन कोकम सरबत घेतलं की बरं.

"थांबलं की जातं, की सरबत घेतलं की जातं?"

सर्जेराव विचारात पडले. थांबलं की, ते म्हणाले.

"चढताना कुठे थांबता?"

याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं, कारण त्या रस्त्यावरचे दिव्यांचे खांब त्यांनी स्वतः उभे केले होते. पाचव्या खांबापाशी. तिथे बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने वाकायचं, म्हणजे बरोबरच्यांना कळत नाही. यंत्राने विचारलं, पहिल्यापासून पाचवाच का? नाही, गुढीपाडव्याला सातवा होता. गेल्या दिवाळीत नववा. त्याआधी थांबतच नव्हतो.

हे बोलून सर्जेराव आपणच बोललेलं आपल्या कानांनी ऐकावं तसे यंत्राकडे बघत राहिले.

यंत्र म्हणालं, "या वर्णनाचा अर्थ कंपनी पित्त असा धरू शकत नाही. हृदयाशी संबंधित त्रास, तपासणी बाकी, असा धरेल. तपासणी होईपर्यंत हा त्रास विम्यात बसणार नाही. मान्य आहे का?"

सर्जेरावांनी मान्यही केलं नाही आणि अमान्यही केलं नाही. उठले आणि गेले. जिन्यावर त्यांची पावलं मध्येच थांबल्याचं मी ऐकलं. नाडी बांधत असावेत.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. त्यांना कुठून तरी कळलं होतं की इंग्रजी कागदावर सही केली तर यंत्रासमोर बसावं लागत नाही. खरंच आहे ते. कायद्यात तेवढी पळवाट ठेवलेली आहे. इंग्रजी येतं असं लिहून द्यायचं, खाली सही करायची, दोन मिनिटांत काम फत्ते. माझी निम्मी गिऱ्हाइकं तेच करतात आणि मी करू देते, कारण मलाही घरी जायचं असतं. सर्जेरावांना इंग्रजी येत नव्हतं. पण सही येत होती.

आणि मी काय केलं? कागद काढला. खोटं कशाला बोलू, कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. बारा दिवसांचे अकरा झाले होते, लेक वाट बघत होती, पांढऱ्या मिशीचा तो माणूस हात जोडायच्या बेतात होता. मी पेनही दिलं. मग टोपण काढता काढता त्यांनी सहज विचारलं, की मॅडम, तिकडं हे छातीचं काय झालंच, तर हा कागद चालेल ना?

ते जुने फोन आठवले. कंपनीला विचारून सांगते, असं म्हणायची सोय या वेळी नव्हती, कारण माणूस समोर होता.

"नाही चालणार," मी म्हणाले. "त्यांना कळणारच, कालचं बोलणं यंत्रात आहे. काल तुम्हाला माहीत नव्हतं, आज आहे. जळकी वायर झाकली, असंच म्हणतील."

"मग ह्या कागदाचा उपयोग काय?"

"बॅग हरवली तर पैसे मिळतील."

त्यांनी टोपण परत लावलं. मग खिडकीकडे तोंड वळवलं. मी चहा मागवला, मग आठवून तो परत पाठवला आणि पाणी दिलं. ते बोलायला लागले तेव्हा माझ्याशी बोलत नव्हते.

"शालनला पण पित्तच व्हतं. कायम म्हणायची, माझं पित्त लई वाईट. त्या सकाळी तिला घाम आला, जबडा दुखाय लागला. म्हणली, पित्त चढलंय, सरबत द्या. मी करून दिलं. तिला गोड आवडतं म्हणून साखर जास्त घातली. अर्धा गिलास पिली आन् गेली."

मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. कोणाचा, ते सांगता येणार नाही. आमच्या त्या एका शब्दाचा असेल. किती घरांत किती बायकांनी त्या शब्दाआड दुखणं झाकून कामं उरकली असतील, आणि घरच्यांनी प्रेमाने सरबत करून दिलं असेल.

मग त्यांनी तिथूनच केतकीला फोन लावला. स्पीकर चालू होता, त्यांना बंद करता येत नव्हता आणि मी केला नाही. आधी त्यांनी हवापाणी विचारलं, मग तिच्या पायांची सूज विचारली, मग एका दमात खांब सांगितले. पाचवा, सातवा, नववा. आणि लगेच म्हणाले, की तपासण्या आल्यावर करतो, तुझं उरकू दे, शब्द दिलाय मी तुझ्या आईच्या फोटोला.

 केतकी रडत असेल असं मला वाटलं. पण ती बोलली तेव्हा आवाज अगदी स्वच्छ होता.

"बाबा, आईला कोणी विचारलंच नाही, पित्त म्हणजे काय. मी पण नाही विचारलं, मी इंजिनिअर असून. तुम्हाला विचारलंय. आता खरं उत्तर द्या."

त्या दुपारी सर्जेराव यंत्रासमोर पुन्हा बसले. मान्य आहे, असं म्हणाले. इंग्रजी कागद मी फाडला आणि तेव्हापासून तसला कागद कोणालाही आपण होऊन दाखवलेला नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. चौथ्या दिवशी अँजिओग्राफी, दोन ठिकाणी अडथळा, त्यातला एक नव्वद टक्के. डॉक्टर म्हणाले, की लांबच्या विमानात, मध्येच बदललेल्या हवेत, बॅगा ओढत चालताना काय झालं असतं याचा विचार न केलेला बरा. दोन स्टेंट बसले. तिकीट पुढे ढकललं. विम्याच्या नियमाप्रमाणे दोन महिने तब्येत स्थिर असल्याचं पत्र लागणार होतं.

आणि त्या दोन महिन्यांतच बाळ झालं. मुलगी. सर्जेराव साताऱ्यात होते.

मी भेटायला गेले तेव्हा ते लहान मुलासारखे रुसून बसले होते. शब्द मोडला, म्हणाले. पण रुसायला फार फुरसत नव्हती, कारण समोर फोन उभा केलेला होता आणि त्यात जावई, अद्वैत, पाय पसरून बसला होता. सर्जेराव इकडे उशी घेऊन दाखवत होते, तो तिकडे बाळ घेऊन करत होता. मान धर, म्हणत होते, अरे मान धर आधी, आणि पाणी कोपराने बघ. अद्वैतच्या लाडवांचा पाक तीनदा बिघडला, चौथ्यांदा जमला. केतकीने मागून सांगितलं की बारसं आजोबा आल्यावर, तोवर बाळाचं नाव बाळ. सर्जेरावांनी हे ऐकलं नाही असं दाखवलं आणि चष्मा पुसायला घेतला.

मधल्या काळात मीही एक काम उरकलं. एके दिवशी दार लोटून घेतलं, खुर्ची फिरवली आणि गिऱ्हाइकाच्या बाजूला जाऊन बसले. माझ्या पित्ताबद्दल यंत्राने मला सतरा प्रश्न विचारले आणि तपासणी करून घ्या म्हणालं. मी घाबरत घाबरत डॉक्टरांकडे गेले. सगळे रिपोर्ट बघून ते म्हणाले, हे खरंच पित्त आहे, तिखट कमी करा. आयुष्यात इतका आनंद मला कोणत्याही आजाराने दिलेला नाही. पण हे कळायला तपासावं लागलं, एवढं मात्र खरं.

बरोबर नवव्या आठवड्यात सर्जेराव पत्र घेऊन आले. यंत्राने विचारलं, प्रवासाचं कारण काय. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नीट विचार केला आणि म्हणाले, नातीला अंघोळ घालणे. यंत्राला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग विम्याचं काय समजलं, ते त्यांनी सांगितलं. वायर जळकी होती, ती बदलली, बदलल्याचं लिहून दिलंय, आता तिथं स्पार्किंग झालं तरी कंपनी येणार. पण गोळ्या बंद केल्या तर नाही येणार.

"अर्थ जुळला," यंत्र म्हणालं.

"ह्याचं नाव अर्थजुळणी कशाला ठेवलं?" सर्जेराव जाता जाता मला म्हणाले. "अर्थिंग म्हणा की. ते नसलं की माणसाला झटका बसतो." जिन्यावर त्यांची पावलं मी मोजली. सतरा पायऱ्या, एकदाही न थांबता.

मागच्या रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. बर्गन म्हणजे आपल्या महाबळेश्वरासारखंच, म्हणाले, सारखा पाऊस आणि जिकडे तिकडे चढ. बारसं झालं, नातीचं नाव इरा ठेवलं. आता ते बाबागाडी ढकलत घरामागची टेकडी चढत होते. फोनवर त्यांचा श्वास ऐकू येत होता, चाकांचा आवाज येत होता. रस्त्याला दिव्यांचे खांब आपल्यासारखेच आहेत, पण अर्थिंग आपल्यापेक्षा चांगलं केलंय, असं बरंच काही सांगत होते. मी मनातल्या मनात खांब मोजत होते. पाचवा गेला असावा. सातवा. आणि मग चाकांचा आवाज एकदम थांबला.



"सर्जेराव," मी विचारलं, "थांबलात का?"

 मग त्यांचा आवाज आला, जरा खालून, वाकल्यासारखा.

"इराचा मोजा पडला ओ, मॅडम. घालतो आन् चढतो."